राबणाऱ्या पायालाच घास

१९६६ साली ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात स्टॉकहोमच्या दोन डॉक्टरांचा जेमतेम दोन पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन ही त्यांची नावे. प्रयोगासाठी माणसे शोधायला ते कुठे गेले नाहीत. स्वतःच सायकलवर बसले. सायकल एक आणि स्वार दोन. जागच्या जागी फिरणाऱ्या त्या सायकलच्या एका बाजूला एक डॉक्टर, दुसऱ्या बाजूला दुसरा. प्रत्येकाने एकाच पायाने पॅडल मारायचे आणि दुसरा पाय स्वस्थ ठेवायचा. राबणारा पाय पार थकून जाईपर्यंत हे चालले. त्यानंतर तीन दिवस दोघांनी भरपूर पिष्टमय जेवण घेतले, आणि रोज दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचा कणभर तुकडा काढून तपासला. ही पोकळ सुई स्नायूंसाठी वापरात आणली होती ती बर्गस्ट्रॉम यांनीच.

स्नायूंत साखर साठते ती ग्लायकोजेनच्या रूपात. सायकल मारलेल्या पायातला हा साठा थकव्याच्या क्षणी जवळपास संपलेला होता. तीन दिवसांनी मोजला, तर तो स्वस्थ बसलेल्या पायातल्या साठ्याच्या सुमारे दुप्पट भरला. माणूस तोच, जेवण तेच, रक्त तेच, रक्तातली संप्रेरकेही तीच. अन्न दोन्ही पायांच्या दारापर्यंत सारखेच गेले. आत घेतले ते राबलेल्या पायाने. लांब पल्ल्याचे धावपटू शर्यतीच्या आधी काही दिवस भात, बटाटे, पास्ता मुद्दाम जास्त खातात, ती पद्धत या संशोधनातून आली.

व्यायाम करावा की गोळ्या घ्याव्यात, प्रोटीनचा डबा आणावा की नाही, या वादात पडण्याआधी हा एक प्रयोग मनात पक्का ठेवावा. तालमीतल्या वस्तादांना तो आपल्या भाषेत ठाऊक होताच. मेहनत आधी, खुराक मागाहून. पैलवानाचे दूध, तूप, बदाम आणि थंडाई त्याच्या जोर-बैठकांच्या मापाने ठरते. मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला की काय होते, हे कुस्ती सोडून दहा वर्षे झालेला पैलवान ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको.

हाडांचीही तीच तऱ्हा. १९७७ साली अमेरिकेत ८४ व्यावसायिक टेनिसपटूंच्या दंडांच्या हाडांचे क्ष-किरण फोटो तपासले गेले. ज्या हाताने रॅकेट धरायची त्या दंडाच्या हाडाचे टणक कवच दुसऱ्या दंडाच्या मानाने पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के जाड निघाले. कॅल्शियम तर दोन्ही दंडांना एकाच रक्तातून मिळत होते.

शरीराच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग स्नायूंचा असतो. हे स्नायू चालतात एटीपी नावाच्या रेणूवर. कोणत्याही क्षणी शरीरात तो शंभर ग्रॅमही नसतो, आणि तरीही मोडून-जोडून, मोडून-जोडून दिवसाकाठी आपण जवळजवळ स्वतःच्या वजनाइतका एटीपी वापरतो. आरामखुर्चीत पडून राहिले तरीही. पळायला लागले तर विचारायलाच नको. यातली बहुतेक जोडणी पेशींतल्या मायटोकाँड्रिया या सूक्ष्म घटकांत होते. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस येथे जॉन होलोझी यांनी उंदरांना फिरत्या पट्ट्यावर कित्येक आठवडे पळवले आणि त्यांच्या स्नायूंतली या घटकांची क्षमता दुपटीला गेल्याचे दाखवले. पळणाऱ्या उंदराला दम कमी का लागतो, याचे उत्तर तोवर हृदयात आणि फुप्फुसांत शोधले जात होते. होलोझींनी ते खुद्द स्नायूत दाखवले.

आकुंचन पावणारा स्नायू आणखी एक करामत करतो. रक्तातली साखर पेशीत घ्यायला एरवी इन्सुलिनची परवानगी लागते. मधुमेहात बिघडते ते हेच. पण स्नायू काम करू लागला की साखर आत ओढणारी प्रथिने इन्सुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात. जेवणानंतर चालायला जाणाऱ्या मधुमेही माणसाची साखर खाली येते ती यामुळे. पुढे कोपनहेगनच्या बेंटे क्लारलुंड पेडरसन यांनी दाखवले की स्नायू नुसता खात नाही, तो बोलतोही. व्यायाम करताना तो रक्तात असे पदार्थ सोडतो की यकृत, चरबी आणि मेंदू यांच्यापर्यंत निरोप जातो. २००३ मध्ये या पदार्थांना त्यांनी मायोकाइन हे नाव सुचवले. स्नायू म्हणजे हाडे ओढणाऱ्या दोऱ्या, ही शाळेत शिकलेली समजूत त्या दिवशी अपुरी ठरली.

आता लंडनच्या रस्त्यावर येऊ. दुसरे महायुद्ध संपले होते, हृदयविकाराने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत होती आणि कारण कुणालाच नीट सांगता येत नव्हते. जेरी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीतल्या सुमारे ३१,००० कर्मचाऱ्यांची नोंद पाहिली. दुमजली बस मुंबईकरांना नवी नाही. खाली चालक बसून, आणि कंडक्टर तिकिटे फाडत दिवसभर वर-खाली. लंडनचा कंडक्टर पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. पगाराचा वर्ग सारखा, रस्ते तेच, धूर तोच. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार कंडक्टरांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी होत होता, झाला तर उशिरा होत होता, आणि पहिल्याच झटक्यात जाणाऱ्यांचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते. टपालखात्यातही हाच नमुना दिसला. सायकलवरून आणि पायी पत्रे वाटणारे पोस्टमन टेबलावर बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

शंका घेणाऱ्यांनी विचारले की मुळात सुटलेल्या पोटाची माणसेच चालकाची जागा धरतात असे तर नाही? प्रश्न रास्त होता. मॉरिस यांनी तो टाळला नाही. त्यांनी शिंप्यांची वही मागवली. बस कर्मचाऱ्यांना गणवेश मिळत, आणि प्रत्येकाच्या विजारीच्या कमरेचे माप नोंदलेले असे. चालकांची कंबर खरोखरच मोठी निघाली. पण पुढे कमरेची मापे सारखी असलेल्या माणसांची तुलना केली तेव्हाही कंडक्टरांचेच पारडे जड राहिले. साथरोगशास्त्राच्या इतिहासात इतका साधा आणि इतका चतुर पुरावा क्वचितच सापडेल. मॉरिस स्वतः पोहत, चालत आणि धावत राहिले, आणि २००९ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी गेले. एका माणसाच्या आयुष्याने काही सिद्ध होत नाही हे त्यांनी स्वतःच सांगितले असते.

बसून राहण्याचे मोल किती, याचा हिशेब टेक्सासमधल्या डॅलस येथे १९६६ मध्ये झाला. वीस वर्षांच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितले. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे दमसास मोजण्याचे सर्वांत पक्के माप. तीन आठवड्यांत ते सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी घसरले. मग व्यायाम सुरू झाला आणि ते पुन्हा चढले. प्रयोग इथे संपला असता. पण तीस वर्षांनी संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले. आता ते पन्नाशीचे होते, वजने वाढलेली होती. त्यांचा दमसास मोजला तेव्हा कळले की तीस वर्षांच्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले होते, त्यापेक्षा जास्त नुकसान तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते. सहा महिने बेताबेताने चालणे, धावणे, सायकल असा व्यायाम दिल्यावर हे पन्नाशीचे गृहस्थ दमसासाच्या मापात आपल्या विशीच्या पातळीवर आले. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी रुग्णाला धरून उभे करणारी नर्स निष्ठुर का नसते, ते यावरून समजावे.

व्यायाम आणि पूरक आहार यांची समोरासमोर गाठ घालणारा माझ्या मते सर्वांत बोलका प्रयोग बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात झाला. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. शंभर रहिवासी, सरासरी वय ८७, सर्वांत थोरले ९८ वर्षांचे. चार गट केले. एका गटाला आठवड्यातून तीन दिवस मांड्या आणि कमरेच्या स्नायूंसाठी वजने उचलायला लावली. दुसऱ्याला रोज ३६० कॅलरींचे, प्रथिने आणि जीवनसत्त्वे घातलेले पेय दिले. तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला दोन्ही नाही. दहा आठवड्यांनी पाहिले तर व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली होती. व्यायाम न करणाऱ्यांची वाढ ३ टक्के. चालण्याचा वेग आणि जिना चढण्याची शक्ती यांतही तोच फरक. नुसत्या पेयाचा ताकदीवर किंवा चालण्यावर काहीच परिणाम दिसला नाही.

त्याहून मार्मिक गोष्ट जेवणाच्या नोंदीत होती. दिवसभरात पोटात जाणाऱ्या एकूण कॅलरी फक्त एकाच गटात वाढल्या: पेय आणि व्यायाम दोन्ही मिळालेल्यांच्या. व्यायामाविना पेय घेणाऱ्यांच्या एकूण खाण्यात भर पडलीच नाही. घरातल्या आजी-आजोबांना ‘अंगात ताकद यावी’ म्हणून आपण औषधाच्या दुकानातून पावडरचा डबा आणतो. डबा पोटात जातो आणि ताटातली भाकरी तेवढी कमी होते. त्यांना खुर्चीतून दहा वेळा उठ-बस करायला लावणे हे त्या डब्यापेक्षा स्वस्त आणि जास्त गुणकारी आहे, फक्त ते जाहिरातीत सांगायला कुणी बसलेले नाही.

मग गोळ्या म्हणजे थोतांड का? तसे म्हणणाऱ्याने मुंबईचा इतिहास चाळावा. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेतून तिला एका कोड्याचा माग काढायचा होता. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना बाळंतपणाच्या दिवसांत भयंकर रक्तक्षय होत होता, आणि त्यात अनेक जणी दगावत होत्या. विल्सने त्यांच्या घरांत जाऊन जेवण पाहिले, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. जंतूंचा संशय फिटला. अखेर तिने मार्माइट दिले. इंग्लंडमध्ये पावावर फासून खातात तो यीस्टचा काळा, खारट अर्क. बायकांचे रक्त सुधारू लागले. १९३१ मध्ये तिने हे जाहीर केले. त्या अर्कात नेमके काय आहे हे कळले नसल्याने कित्येक वर्षे त्याला ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी चार टन पालक ढवळून एक पदार्थ वेगळा केला आणि त्याला फॉलिक आम्ल म्हटले. विल्सच्या शोधाचे ते रासायनिक नाव.

या बायका राबण्यात कुठे कमी नव्हत्या. कमी होता तो एक घटक, आणि तो मिळताच शरीराने राहिलेले काम पुरे केले. १९९१ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत गर्भधारणेच्या आधीपासून घेतलेल्या फॉलिक आम्लाने बाळाच्या पाठीच्या कण्यातला आणि मेंदूतला जन्मजात दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाल्याचे सिद्ध झाले. आज आशाताई गरोदर बाईच्या हातावर लोहाची जी लाल गोळी ठेवते, तिच्यात परळमध्ये लागलेला हा शोध आहे. पूरक गोळीने खरोखर इतिहास घडवला तो असा.

पण उणीव भरताना नेमकी कोणती उणीव आहे हे बघावे लागते, आणि त्याचा धडा पुण्याने जगाला दिला. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा करत आहेत. या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. फॉलिक आम्ल मात्र जवळपास सगळ्यांत पुरेसे होते. मुले सहा वर्षांची झाल्यावर दिसले की ज्यांच्या आईच्या रक्तात फॉलेट (म्हणजे फॉलिक आम्ल) जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक. फॉलेट आणि बी-१२ शरीरात जोडीने काम करतात. एकाची भर घालून दुसऱ्याची उपासमार चालू ठेवली तर हिशेब बिघडतो. बी-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, अंडी, मासे आणि मांस यांतून येते. महाराष्ट्रातल्या कितीतरी ताटांत दूध आहे ते चहापुरते.

याच याज्ञिकांचा एक गमतीदार फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. एक जण मॅरेथॉन धावणारे. दुसऱ्यांचा मुख्य व्यायाम सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी गाठण्याचा, असा शेरा त्यांनी स्वतःच मारून ठेवला आहे. भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आतून चरबीचा, हे तेव्हापासून जगभरच्या वैद्यकीय वर्तुळात ठाऊक झाले. वजनकाट्यावर समाधान मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो फोटो बघावाच.

फॉलिक आम्लाची गोष्ट इथे एका भारतीयाकडे वळते. ते प्रयोगशाळेत बनवण्याचे काम १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत ज्यांच्या देखरेखीखाली झाले, ते यल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, आंध्रातले भीमावरम. या माणसाने त्याआधी हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर रक्तातला फॉस्फरस मोजायची पद्धत बसवली, आणि ती वापरता वापरता १९२७ मध्ये स्नायूत एक नवा पदार्थ सापडला: फॉस्फोक्रिएटिन. त्याच वर्षी लंडनमध्ये एगल्टन पती-पत्नीलाही तो दुसऱ्या वाटेने सापडला. आज जिममध्ये ज्याचे डबे विकले जातात त्या क्रिएटिनचे शरीरातले काम यातून उलगडले. हार्वर्डने सुब्बारावांना कायमची जागा दिली नाही, नोबेलही मिळाले नाही, आणि १९४८ मध्ये वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी ते गेले.

क्रिएटिन त्याआधीही माहीत होते. फ्रान्सच्या शेव्रल यांनी १८३२ मध्ये ते मांसातून वेगळे केले. १८४७ मध्ये जर्मनीच्या लीबिग यांनी एक विलक्षण निरीक्षण नोंदवले: शिकारीत पळून पळून मारल्या गेलेल्या रानटी कोल्ह्याच्या मांसात पिंजऱ्यातल्या कोल्ह्याच्या दसपट क्रिएटिन. आकडा आजच्या कसोटीवर कितपत टिकेल ते सोडा, पण राबणे आणि साठा यांचा धागा पकडणारा तो बहुधा पहिला माणूस.

क्रिएटिनचे काम थोडक्यात असे. जोराचा झटका देताना स्नायूतला एटीपी दोन-तीन सेकंदांत संपतो. फॉस्फोक्रिएटिन आपल्याकडचा फॉस्फेट देऊन तो तत्काळ पुन्हा उभा करते, आणि ही मदत साधारण दहा सेकंद पुरते. शंभर मीटरची धाव, वजन डोक्यावर नेणे, कुस्तीतला डाव, कबड्डीतली चढाई संपवतानाची झेप, हे सगळे या दहा सेकंदांतले खेळ. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असते, त्यातले ९५ टक्के स्नायूंत. रोज सुमारे दोन ग्रॅम झिजते. त्यातले निम्मे शरीर स्वतः बनवते आणि निम्मे मांस-मासे खाणाऱ्याला अन्नातून मिळते. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत साठा कमी असतो, त्यामुळे त्याला पुडीचा फायदा जास्त दिसतो.

१९९२ मध्ये रॉजर हॅरिस यांनी स्टॉकहोमच्या त्याच हुल्टमन यांच्यासोबत लोकांना दिवसातून चार ते सहा वेळा पाच-पाच ग्रॅम क्रिएटिन दिले आणि स्नायूंतला साठा वाढतो हे सिद्ध केले. आणि मग जुनीच युक्ती: काहींना रोज तासभर एकाच पायाने सायकल मारायला लावली. साठा दोन्ही पायांत वाढला, पण राबणाऱ्या पायात ठळकपणे जास्त. सव्वीस वर्षांनी तोच निकाल, तोच माणूस साक्षीला. त्याच वर्षीच्या बार्सिलोना ऑलिंपिकनंतर क्रिएटिनची चर्चा वर्तमानपत्रांत आली आणि मग बाजारात डब्यांची रांग लागली. इतक्या पूरकांच्या गर्दीत हे असे एक आहे की ज्याचा परिणाम शेकडो चाचण्यांत टिकला. रोज तीन ते पाच ग्रॅम पुरतात. पहिल्या काही आठवड्यांत किलो-दोन किलो वजन वाढते ते स्नायूंत धरलेल्या पाण्याचे. ते मांस समजून आरशापुढे उभे राहू नये. लांब पल्ल्याच्या धावपटूला यातून फारसे काही मिळत नाही.

आता उलटी बाजू. पेशीत प्राणवायू जळताना जे आक्रमक रेणू तयार होतात त्यांना मुक्त कण म्हणतात. ते वाईट, म्हणून त्यांना मारणारी क आणि ई जीवनसत्त्वे चांगली, असे कित्येक वर्षे गृहीत धरले गेले. व्यायामात हे कण वाढतात, मग व्यायाम करणाऱ्याने गोळ्या घ्याव्यात हे ओघानेच आले. २००९ मध्ये जर्मनीतल्या येना येथे मिखाएल रिस्टो यांनी चाळीसएक तरुणांना चार आठवडे व्यायाम दिला. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई, बाकीच्यांना काही प्रभावी द्रव्य नसलेली गोळी. इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला, पण तो जीवनसत्त्वे न घेणाऱ्यांचा. घेणाऱ्यांचा व्यायाम त्या बाबतीत वाया गेला. कारण ते त्रासदायक कणच स्नायूला ‘आता सज्ज हो’ असे सांगत असतात. राखणदार ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधावे तसा हा प्रकार. २०१४ मध्ये नॉर्वेतल्या अकरा आठवड्यांच्या प्रयोगात असेच दिसले. गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंत मायटोकाँड्रियाची वाढ खुंटली. दमसासाच्या मापात मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही, हेही सांगायला हवे. या मात्रांची गाठ ताटातल्या लिंबाच्या फोडीशी किंवा पेरूशी कुणी घालू नये.

याहून गंभीर प्रकरण बीटा-कॅरोटीनचे. गाजर, पपई यांना रंग देणारे हे द्रव्य. भाज्या-फळे खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो, तेव्हा त्यातला ‘गुण’ गोळीत भरून द्यावा, हा विचार सरळ वाटतो. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल लागला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त होता. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये ठरल्या वेळेच्या एकवीस महिने आधी थांबवावी लागली. तिथे वाढ २८ टक्के होती. आणि जिथे उणीवच नाही तिथे गोळी निरुपयोगी ठरल्याचे उदाहरण म्हणजे २५,८७१ अमेरिकनांवरची ड जीवनसत्त्वाची चाचणी: रोज २००० युनिट घेऊनही हृदयविकार किंवा कर्करोग होण्याचे प्रमाण घटले नाही.

प्रोटीनविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण गोंधळ विज्ञानात नसून दुकानात आहे. ४९ चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये केलेल्या विश्लेषणात दिसले की वजने उचलणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांपर्यंत फायदा मिळतो. त्यापुढे डबा कितीही रिकामा करा, स्नायू वाढत नाही. साध्या माणसाची गरज भारतीय पोषणतज्ज्ञांनी दर किलोमागे ०.८३ ग्रॅम धरली आहे. डाळ, उसळ, दही, अंडी, मासे यांतून ती भागते, पण त्यासाठी ताटात भाताचा ढीग कमी आणि उसळीची वाटी मोठी हवी. ज्याला ते जमत नाही त्याने व्हे पावडर घेतली तर ती दुधातलीच प्रथिने आहेत, जादू नाही आणि विषही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मात्र २०२४ च्या मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पूरके टाळा असा सल्ला दिला आहे.

आपल्याकडची खरी उणीव वेगळीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जवळपास निम्मे प्रौढ भारतीय पुरेशी हालचाल करत नव्हते, आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते. संघटनेची मागणी तशी माफक आहे. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे थोडी धाप लागेल असे चालणे किंवा तत्सम काही, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. दुसरा भाग आपण सोयीस्कर विसरतो. सकाळी बागेत फेऱ्या मारणारे ज्येष्ठ नागरिक पुष्कळ दिसतात. बैठका मारणारे किती दिसतात? पन्नाशीनंतर आधी घटतो तो मांड्यांचा स्नायू, आणि म्हातारपणी पडण्याचे आणि खुब्याचे हाड मोडण्याचे मूळ पुष्कळदा तिथे असते.

वाचकांना काही विनंत्या. आपल्या देशात पूरके औषध म्हणून नव्हे, तर खाद्यपदार्थ म्हणून विकली जातात. औषधाला बाजारात येण्याआधी माणसांवर जी परीक्षा द्यावी लागते ती त्यांना लागत नाही, तेव्हा डब्यावरच्या दाव्याला औषधाच्या दाव्याची किंमत देऊ नका. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूच्या नमुन्यात बंदी घातलेले द्रव्य सापडले तर ते डब्यातून आले हे कारण त्याला सहसा वाचवत नाही. क्रिएटिन घेत असाल तर मूत्रपिंडाच्या तपासणीआधी डॉक्टरांना तसे सांगा, कारण रक्तातले क्रिएटिनिन त्यामुळे थोडे वाढलेले दिसते आणि अकारण धावपळ होते. धूम्रपान करत असाल किंवा पूर्वी केले असेल तर बीटा-कॅरोटीनच्या गोळीला हात लावू नका. आणि बरीच वर्षे शाकाहारी असाल, हातापायांना मुंग्या येत असतील, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर मल्टिव्हिटॅमिनचा डबा आणण्याआधी बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्या.